मुख्याध्यापकांच्या प्रकृतीची काळजी कोणी घ्यायची? (चर्चा)

दोनशिक्षकी (धागाकर्ता)

शिक्षकांवरील ताणाबद्दल बरेच लिहिले जाते आणि विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी अलीकडे समुपदेशनाचे उपक्रमही सुरू झाले आहेत. मात्र ज्याच्या सहीने शाळेचा कारभार चालतो त्या मुख्याध्यापकाच्या प्रकृतीचा विषय मी आजवर कोणत्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर पाहिलेला नाही. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत प्रभारी मुख्याध्यापक आहे. स्वतःची कैफियत मांडणे हा या धाग्याचा हेतू नाही. हा प्रश्न नेमका कोठे निर्माण होतो आणि कोणाला कशाचा खरोखर उपयोग झाला, हे जाणून घ्यायचे आहे.

सुरुवात पदापासूनच करावी लागते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० पेक्षा अधिक पट (विद्यार्थीसंख्या) असेल तरच मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद मिळते. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा १०० आहे. ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. आपल्याकडील वाड्या-वस्त्यांवरच्या असंख्य शाळा याच गटात मोडतात. म्हणजे तेथे मुख्याध्यापकाचे काम पूर्ण आहे, पण मुख्याध्यापक नावाचे पद नाही. दोघांपैकी ज्येष्ठ शिक्षक प्रभारी होतो, त्याच्याकडे दोन किंवा तीन इयत्ता एकत्र असतात आणि उरलेल्या वेळात त्याने कार्यालय चालवावे अशी अपेक्षा असते. हा उरलेला वेळ शाळेच्या वेळापत्रकात कोठेच नसल्यामुळे तो घरातून आणि झोपेतून काढला जातो.

कामाचे स्वरूप ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पोषण आहाराची रोजची लाभार्थी संख्या ऑनलाइन भरणे, तांदूळ व धान्यादी मालाचा साठा जुळवणे, यू-डायस प्लस (शाळांच्या माहितीची राष्ट्रीय नोंद), विद्यार्थी पोर्टल, आधार पडताळणी, ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, गणवेशाचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि यांखेरीज ‘आज दुपारी दोनपर्यंत’ मागवलेली माहिती. यांतील काही कामांमागे खरी भीती असते. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर होणार ते, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते आणि ज्या मुलाचे आधार जुळत नाही ते मूल मोजणीत धरले जाईल की नाही याची खात्री नसते. एका मुलाच्या नावातील वेलांटीमुळे सहकाऱ्याचे पद जाऊ शकते, हा विचार डोक्यात ठेवून मुख्याध्यापक पोर्टलसमोर बसतो.

कृपया योगासने, सकारात्मक विचार आणि वेळेचे नियोजन यांविषयीचे सल्ले येथे देऊ नयेत. त्यांचे मोल मी नाकारत नाही. परंतु ज्या कामाला माणूसच दिलेला नाही, ते काम श्वसनाच्या व्यायामाने होत नाही.

निवृत्त_विअ

मी शिक्षण विभागात विस्तार अधिकारी (तालुक्यातील शाळांवर देखरेख करणारा अधिकारी) म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे माझा प्रतिसाद काहींना रुचणार नाही. धागाकर्त्यांनी जे लिहिले आहे ते खरे आहे, पण ते वरच्या पायरीवरही तितकेच खरे आहे. मंत्रालयातून किंवा संचालनालयातून सकाळी पत्र निघते, जिल्ह्याला दुपारी पोहोचते, तालुक्याला त्यावर ‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा पडतो आणि केंद्रप्रमुख (जवळपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी) ते व्हॉट्सअॅप गटावर टाकतो तेव्हा मुदत संपायला दोन तास उरलेले असतात. त्यात केंद्रप्रमुखांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्याने एका माणसाकडे दोन-दोन केंद्रे असतात. अशा माणसाला एखाद्या शाळेत अर्धा तास बसून ‘तुमचे कसे चालले आहे’ असे विचारायला सवड कोठून मिळणार?

तरीही दोन गोष्टी नमूद करतो. पहिली म्हणजे निरंक अहवालाची, म्हणजे ‘आमच्याकडे कळवण्यासारखे काही नाही’ असे सांगणाऱ्या अहवालाची. ज्या शाळेत एखाद्या योजनेचा लाभार्थीच नाही तिनेही निरंक अहवाल दिलाच पाहिजे हा हट्ट बहुतेक वेळा तालुका पातळीवर धरला जातो, शासन निर्णयात तो असतोच असे नाही. ज्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ‘माहिती न आल्यास निरंक समजले जाईल’ एवढे एक वाक्य पत्रात घालायला सुरुवात केली, त्यांच्या तालुक्यातील मुख्याध्यापकांचा किती वेळ वाचला हे मी पाहिले आहे. यासाठी ना निधी लागतो ना मंजुरी.

दुसरी गोष्ट मुख्याध्यापकांनी ऐकावी अशी आहे. सगळी कामे स्वतःकडे ठेवणारे मुख्याध्यापक मी पुष्कळ पाहिले. पासवर्ड कोणाला द्यायचा नाही, कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) कोणाला दाखवायची नाही, आणि मग एकट्याने मरमर करायची. कामाची वाटणी करणे हेही मुख्याध्यापकाचेच काम आहे.

दोनशिक्षकी

सर, निरंक अहवालाचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि तो मी केंद्रात मांडणार आहे. वाटणीबाबत मात्र मतभेद नोंदवतो. सात-आठ शिक्षकांच्या शाळेला आपला सल्ला लागू पडेल. दोन शिक्षकांच्या शाळेत मी एक काम सहकाऱ्याला दिले की त्याचे वर्ग मला घ्यावे लागतात. एकूण ओझे तेवढेच राहते. शिवाय काम वाटता येते, जबाबदारी वाटता येत नाही. साठ्यात तफावत आढळली तर खुलासा माझ्याच नावे मागवला जातो. पासवर्ड देण्यातील संकोच स्वभावातून कमी आणि कारणे दाखवा नोटिशीच्या अनुभवातून अधिक येतो.

वर्गाबाहेर_उभी

मी खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. आमच्याकडे पद आहे, त्यासाठी सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे, स्वतंत्र खोली आणि दारावर पाटीही आहे. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या सहकाऱ्यांना आमचे बरे चालले आहे असे वाटते. आमचा ताण वेगळ्या जातीचा आहे, आणि त्याबद्दल उघडपणे बोलण्याची आमच्यात रीत नाही.

खाजगी शाळेच्या मुख्याध्यापकाला दोन मालक असतात. शिक्षण विभागाला तो शासनाचा प्रतिनिधी वाटतो आणि संस्थेला तो संस्थेचा नोकर वाटतो. विभाग म्हणतो, नियमानुसार करा. संस्थेचे पदाधिकारी म्हणतात, सांगितले तसे करा. शालार्थ प्रणालीत वेतन देयक मुख्याध्यापकाच्या लॉगिनमधून पुढे जाते, त्यामुळे त्यात काही चुकीचे असेल तर ते प्रथम माझ्या सहीचे ठरते. एखाद्या कागदावर सही करू नये असे नियमावली सांगत असते आणि ती सही केली नाही तर पुढील वर्ष कसे जाईल हेही ठाऊक असते. अन्याय झाल्यास अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. पण ती वाट बडतर्फी, पदावनती किंवा डावलली गेलेली पदोन्नती यांसारख्या प्रसंगांसाठी आहे. रोजच्या कोंडीवर न्यायाधिकरण नसते.

पटाचा प्रश्न आमच्याकडे आणखी बोचरा आहे. तुकडी टिकली नाही तर शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणजे त्याचे शाळेतील पद जाते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आम्ही आजूबाजूच्या गावांत घरोघर फिरतो, पालकांना सायकल, वह्या, एस.टी.चा पास यांची आश्वासने देतो आणि शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक, जे एरवी आमचे स्नेही असतात, तेही त्याच गल्लीत समोरून येत असतात. ज्यांच्याशी मन मोकळे करावे तेच पटाच्या स्पर्धेत प्रतिस्पर्धी होऊन बसतात, ही या व्यवस्थेची सर्वांत वाईट बाजू आहे असे माझे मत आहे.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांबाबतही थोडे लिहिते. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळांतील शिपायाचे पद रिक्त झाले की ते भरण्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळतो. त्या रकमेत पूर्ण वेळ माणूस मिळणे कठीण असते. परिणामी घंटा, कुलूप, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह हे विषयही मुख्याध्यापकांच्या टेबलावर आले. लिपिकाचे पद रिक्त असेल तर टपाल आणि दाखलेही.

शेवटचे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शाळांतील सुरक्षिततेबाबत जे आदेश निघाले ते आवश्यकच होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पॉक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या व्यक्तीने केलेल्या गुन्ह्याची माहिती न देणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मुलांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु असा प्रसंग ज्या मुख्याध्यापकावर येतो त्याला त्या दिवशी एकाच वेळी मुलीच्या आईसमोर बसायचे असते, पोलिसांना कळवायचे असते, संस्थेचा दबाव झुगारायचा असतो, वार्ताहरांना उत्तर द्यायचे असते आणि इतर वर्ग चालू ठेवायचे असतात. त्या दिवशी त्याच्या बाजूला उभे राहायला विभागाकडून कोणी येते का? चौकशीसाठी येतात, तो भाग निराळा.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि येथील एका प्राथमिक शाळेच्या नियामक मंडळावर पालक प्रतिनिधी म्हणून काम करतो. येथील परिस्थिती महाराष्ट्राशी जुळत नाही, तरी एक प्रकरण सांगणे उचित वाटते, कारण त्यानंतर मुख्याध्यापकांच्या मनःस्वास्थ्याचा विषय येथे थेट धोरणापर्यंत पोहोचला.

रेडिंग शहरातील कॅव्हरशॅम प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांच्या शाळेची ऑफस्टेड या तपासणी यंत्रणेने नोव्हेंबर २०२२ मध्ये तपासणी केली. शाळेला पूर्वी सर्वोच्च श्रेणी होती. या वेळी अध्यापन आणि मुलांची वर्तणूक चांगली ठरली, मात्र बालसुरक्षेच्या व्यवस्थापनातील त्रुटींमुळे संपूर्ण शाळेला सर्वांत खालची श्रेणी देण्यात आली. अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत निष्कर्ष गोपनीय ठेवायचा होता, म्हणजे ज्या आठवड्यांत त्यांना आधाराची सर्वाधिक गरज होती, त्याच आठवड्यांत मोकळेपणाने बोलण्यास मज्जाव होता. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. डिसेंबर २०२३ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यांनी त्या तपासणीचा या मृत्यूला हातभार लागला, असा स्पष्ट निष्कर्ष नोंदवला. दरम्यान २०२३ च्या उन्हाळ्यात त्याच शाळेची फेरतपासणी झाली आणि तिला चांगली श्रेणी मिळाली. म्हणजे ज्या त्रुटींवरून शाळेवर तळाचा शिक्का बसला त्या काही महिन्यांत दुरुस्त होण्यासारख्या होत्या.

सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दात श्रेणी देण्याची पद्धत बंद झाली. यामागे कुटुंबीयांचा आणि मुख्याध्यापक संघटनांचा दीर्घ पाठपुरावा होता. नवी पद्धत कितपत बरी आहे यावर येथे अजून वाद चालू आहे, तेव्हा सर्व प्रश्न सुटला असे कृपया समजू नये.

आणखी एक उपयोगाची बाब. येथील शिक्षकांच्या सेवाशर्तींच्या दस्तऐवजात मुख्याध्यापकाला नेतृत्वाच्या कामासाठी शाळेच्या वेळातच राखीव वेळ मिळावा अशी तरतूद आहे, आणि त्याच्या कामाचा व खाजगी आयुष्याचा तोल राहतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी नियामक मंडळावर टाकलेली आहे. आमच्या मंडळाच्या बैठकीत हा विषय नियमितपणे येतो. कधी कधी तो दोन मिनिटांत उरकला जातो हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो विचारणे कोणाचे तरी काम आहे, हे कागदावर लिहिलेले आहे.

वर्गाबाहेर_उभी

धन्यवाद. गोपनीयतेचा मुद्दा वाचून थांबले. आपल्याकडे त्याच्या अगदी उलट घडते. नोटीस निघण्याआधी ती दोनशे जणांच्या व्हॉट्सअॅप गटावर येते, ‘खालील शाळांनी अद्याप माहिती भरलेली नाही’ अशी यादी नावानिशी झळकते आणि कनिष्ठ शिक्षकही ती वाचतात. दोन्ही टोकांना माणूस एकटाच पडतो.

मनोविकास_सल्लागार

मी समुपदेशन क्षेत्रात काम करते आणि माझ्याकडे मुख्याध्यापकही येतात. कोणाचाही तपशील न देता काही सामान्य निरीक्षणे मांडते.

मुख्याध्यापक सहसा स्वतःहून ‘मला ताण आहे’ असे सांगत येत नाहीत. ते पित्त, रक्तदाब, पाठदुखी किंवा झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जातात आणि डॉक्टर पुढे पाठवतात. रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधड होणे, फोनची रिंग वाजली की दचकणे, पूर्वी आवडणाऱ्या परिपाठाला जाण्याचा कंटाळा येणे, घरी क्षुल्लक कारणावरून संताप होणे, अशी लक्षणे दीर्घकाळ टिकली तर त्यांना ‘पदासोबत येणारच’ म्हणून सोडून देऊ नये. थकवा विश्रांतीने, सुट्टीने कमी होतो. दिवाळीची सुट्टी संपत आली तरी मन हलके होत नसेल, कशातच रस वाटत नसेल, आपण नसलेलेच बरे असे विचार येत असतील, तर ते वेगळे आहे आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसाच्या कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, मराठीतही. हा क्रमांक केवळ विद्यार्थ्यांसाठी आहे असा गैरसमज शाळांमध्ये आढळतो. तो सर्वांसाठी आहे.

मुख्याध्यापकांच्या बाबतीत मला आढळलेली खरी अडचण मदत घेण्यातील भीतीची आहे. मानसोपचारतज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडून वैद्यकीय रजा मागितली तर तालुक्यात चर्चा होईल, ‘हा माणूस शाळा सांभाळू शकत नाही’ असे म्हटले जाईल, ही धास्ती निराधार नाही. म्हणून पहिला आधार समव्यवसायी लोकांचाच असावा लागतो, आणि तो गट अधिकाऱ्यांनी चालवलेला नसावा. ज्याच्या हातात आपला गोपनीय अहवाल आहे त्याच्यासमोर कोणीही मन उघडे करत नाही.

ऑस्ट्रेलियात २०११ पासून मुख्याध्यापकांच्या आरोग्याचे सर्वेक्षण दरवर्षी केले जाते. त्यात कामाचे प्रचंड प्रमाण आणि अध्यापन-नेतृत्वासाठी वेळच न उरणे ही ताणाची प्रमुख कारणे म्हणून सातत्याने पुढे आली आहेत. आपल्याकडे अशी नियमित मोजणी सुरू व्हावी असे मला फार वाटते, कारण जे मोजले जात नाही ते विषयपत्रिकेवर येत नाही, ही धागाकर्त्यांची तक्रार त्यामुळेच आहे.

गावकरी_पालक

मी एका वस्तीशाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. एक गोष्ट स्पष्टच लिहितो. वरचे सगळे वाचून सहानुभूती वाटते, पण आठवड्यातून दोन दिवस ‘मीटिंगला गेलो होतो’ असे सांगणारे मुख्याध्यापकही आम्ही पाहिले आहेत. पालकांना बैठक खरी की खोटी हे कळण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे जे प्रामाणिकपणे राबतात त्यांच्याविषयीही गावात अविश्वास तयार होतो.

दुसरे असे की समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत असे कायदा सांगतो आणि मुख्याध्यापक तिचे सचिव असतात. मग ओझे कमी करायला समितीचा उपयोग का करून घेतला जात नाही? आमच्या शाळेत तांदळाची गाडी आली की वजन करून घ्यायला समितीचे दोन पालक उभे राहतात आणि साठा नोंदवहीत त्यांची सही होते. आहाराची चव पाहायलाही पालकांच्या पाळ्या लावल्या आहेत. आमच्या गुरुजींनी सांगितले की यामुळे त्यांची मोठी काळजी मिटली. २०१३ साली बिहारमध्ये छपऱ्याजवळ पोषण आहारातून विषबाधा होऊन २३ मुले गेली आणि तेथील मुख्याध्यापिकेला पुढे शिक्षा झाली, ही बातमी आमच्या गुरुजींच्या मनातून जात नव्हती. रोज खिचडी मुलांच्या ताटात पडेपर्यंत ते अस्वस्थ असत.

वीजबिलाचेही तसेच. पट ३० पर्यंत असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये आणि १०० पर्यंत असेल तर २५,००० रुपये, हे आम्हाला बैठकीत कळले तेव्हा गुरुजी स्वतःच्या खिशातून खडू-झाडू का आणतात ते समजले. त्यानंतर बिलाचा विषय आम्ही ग्रामपंचायतीकडे नेला. पालकांना आकडे सांगितले तर पालक उभे राहतात. फक्त ‘निधी नाही’ असे सांगितले तर संशय घेतात.

दोनशिक्षकी

दादा, बैठकीबाबतचा आपला आक्षेप रास्त आहे. यावर एक साधा उपाय आहे. बैठकीचे पत्र दर्शनी फलकावर लावावे आणि हालचाल नोंदवहीत नोंद करूनच बाहेर पडावे. त्यातून बैठका किती होतात हेही गावाला दिसेल, आणि कदाचित त्या कमी करण्याची मागणी आमच्याऐवजी पालकांकडूनच होईल.

वजनाच्या वेळी पालकांच्या सह्या घेण्याची पद्धत मी आमच्या समितीपुढे ठेवणार आहे.

उपशिक्षिका_नाशिक

मी मुख्याध्यापक नाही आणि होण्याची इच्छाही नाही, म्हणून लिहिते आहे. आमच्या तालुक्यात मुख्याध्यापक पदाची पदोन्नती नाकारणारे शिक्षक दरवर्षी असतात. पदोन्नतीने वेतनात पडणारा फरक किरकोळ असतो, बहुधा गाव बदलते आणि प्रभारी असेल तर तोही फरक नाही. त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पदोन्नतीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे आवश्यक झाले आहे. पन्नाशीला आलेला शिक्षक मुख्याध्यापक होण्यासाठी परीक्षेचा अभ्यास करील, असे मानणे मला अवघड जाते. पुढच्या दहा वर्षांत या खुर्चीवर बसायला माणसे कोठून येणार, हा प्रश्नही मुख्याध्यापकांच्या आरोग्याशी जोडलेलाच आहे. आम्ही कनिष्ठ मंडळी त्यांच्याकडे रोज पाहतो आणि मनात ठरवून टाकतो.

निवृत्त_विअ

ताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. यात प्रशिक्षणाचाही भाग येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली आहे. दिल्लीच्या ‘नीपा’ या शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेमध्ये शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र २०१२ पासून आहे आणि आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला ‘मिपा’ ही तशीच राज्याची संस्था आहे. प्रशिक्षणे होतात. परंतु त्यांत शाळा विकास आराखडा, अध्ययन निष्पत्ती, समाजसहभाग हेच विषय प्रामुख्याने असतात. संतापलेल्या पालकाला कसे सामोरे जावे, चौकशी सुरू असताना शाळा कशी चालवावी, सहकाऱ्याचे अकाली निधन झाल्यावर वर्गात काय बोलावे, हे माझ्या सेवेत कोणत्याही सत्रात शिकवलेले मी पाहिले नाही.

धोरणातील शाळा संकुलाची (जवळपासच्या शाळांना एकत्र जोडण्याची) कल्पना मुळात कोठारी आयोगाची, १९६४-६६ ची. लहान शाळा एकाकी पडू नयेत हा तिचा एक हेतू आहे. संकुलासाठी एक सामाईक लिपिक-नि-डेटा चालक दिला तर आठ-दहा प्रभारी मुख्याध्यापकांचे निम्मे रडगाणे संपेल असे माझे अनुभवाचे मत आहे. दिल्ली सरकारने आपल्या शाळांत इमारत, स्वच्छता, पाणी, दुरुस्ती अशा कामांसाठी इस्टेट मॅनेजर नेमले, ते प्राचार्यांना या कामांतून मोकळे करण्यासाठीच. मात्र संकुलाच्या नावाखाली लहान शाळा बंद करून मुलांना लांब पाठवण्याचा घाट घातला जाणार असेल, तर मुख्याध्यापकाचा ताण कमी करण्याचा तो मार्ग नव्हे.

वर्गाबाहेर_उभी

सामाईक लिपिकाच्या सूचनेला पूर्ण अनुमोदन. आणखी एक मागणी जोडावीशी वाटते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. या कलमाचा आधार घेऊन संघटना आंदोलने करतात, ते योग्यच आहे. पण शाळेच्याच नावाने येणारी कारकुनी या कलमाच्या कक्षेत सापडत नाही, कारण तिला ‘शैक्षणिक’ म्हटले जाते. उपक्रमाचे छायाचित्र लिंकवर टाकणे हे काम शैक्षणिक आहे की नाही? गेल्या काही वर्षांत स्पर्धा, सप्ताह, उत्सव आणि अभियाने यांची संख्या इतकी वाढली आहे की उपक्रम कमी आणि त्याचा पुरावा अधिक वेळ खातो. निवडणुकीचे काम संपते तरी; हे संपत नाही. कोणतेही नवे पोर्टल सुरू करताना जुने कोणते बंद होणार, हे त्याच शासन निर्णयात लिहिण्याची सक्ती असावी.

दोनशिक्षकी

चर्चेतून मला जे तातडीने करता येण्यासारखे वाटले ते लिहितो. आमच्या केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते. ती संपल्यावर केंद्रातील सर्व मुख्याध्यापक आणि प्रभारी यांनी तासभर थांबावे, त्या वेळी केंद्रप्रमुखांनी उपस्थित राहू नये, इतिवृत्त लिहू नये आणि छायाचित्रही काढू नये, असा प्रस्ताव मी ठेवणार आहे. केंद्रप्रमुखांशी बोललो, त्यांची हरकत नाही, उलट ‘आमच्यासाठीही तालुक्याला असे काही करा’ असे ते म्हणाले. माहितीच्या गटावर सायंकाळी सातनंतर मागणी टाकू नये, आणि माहिती न भरलेल्या शाळांना गटावर नव्हे तर स्वतंत्र फोन करून सांगावे, याविषयी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विनंती करायची आहे. सह्या किती होतात ते पाहू. काही जण लेखी म्हटले की मागे सरतील, याची कल्पना आहे.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या खाजगी शाळांतील प्राचार्यांचा अनुभव या चर्चेत आलेला नाही. त्यांच्याकडे मनुष्यबळ आहे, पण पालकांच्या ईमेलचा आणि शुल्कावरील वादांचा ताण असेल. कोणी असल्यास लिहावे.

एक व्यावहारिक प्रश्न राहिला. मला उपचारासाठी पुढील महिन्यात काही दिवस रजा घ्यायची आहे. सहकारी नव्याने रुजू झालेले आहेत आणि प्रभार घ्यायला घाबरतात. अशा वेळी काय करावे?

निवृत्त_विअ

रजा अवश्य घ्या. ‘शाळा कोण पाहणार’ म्हणून उपचार पुढे ढकलू नका. वैद्यकीय प्रमाणपत्रासह रजेचा अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि त्याच अर्जात त्या काळापुरता जवळच्या शाळेतून एक शिक्षक कामगिरीवर (तात्पुरत्या नेमणुकीवर) मिळावा अशी मागणी करा. तोंडी सांगू नका. प्रभाराची यादी दोन प्रतींत करून दोघांच्या सह्या घ्या: कीर्द व बँक पासबुकातील अखेरची शिल्लक, धनादेश पुस्तिकेतील कोरे धनादेश क्रमांकासह, जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही), दाखल्यांची पुस्तिका, कपाटाच्या किल्ल्या. नव्या सहकाऱ्यांना सर्वांत जास्त भीती पोषण आहाराच्या साठ्याची असते, म्हणून तांदूळ, डाळी आणि तेल त्यांच्यासमोर मोजूनच नोंदवा, नोंदवहीवरून आकडा उतरवू नका. वजनाच्या वेळी वर गावकरी दादांनी सांगितल्याप्रमाणे समितीचे दोन पालक बोलावलेत, तर सहकाऱ्यांचा धीर वाढेल. रजेच्या काळात दैनंदिन लाभार्थी नोंद कोणाच्या मोबाइलवरून जाणार, तेही आधीच ठरवून केंद्रप्रमुखांना कळवा.